टाचेखालचा नखाएवढा तुकडा

आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे. गेल्या जुलैत एके सकाळी त्या फरशीवरून वर्गाकडे जाताना माझ्या दोन पायांचे आवाज वेगळे यायला लागले. डावा ‘टप’, उजवा ‘टिक’. टप-टिक, टप-टिक, भिंतीवरचं घड्याळ चालावं तसं. मागच्या बाकावरच्या पोरींना हसू आवरेना. स्टाफरूममध्ये येऊन सँडल उलटी केली, तर टाचेखालचं काळं टोपण, म्हणजे टिप, गायब आणि तिथून लोखंडाची एक काडी मिलिमीटरभर डोकं वर काढून बसलेली.

संध्याकाळी घराजवळच्या एका दुकानात नेली. दोन मिनिटांत नवी टिप ठोकून मिळाली. चौथ्या दिवशी ती पडली. पुन्हा गेले, त्यांनी दुसरी घेतली आणि या वेळी जरा जास्तच जोरात ठोकली. टिप टिकली, पण टाचेला उभी चीर गेली.

मग बेळगावच्या खडेबाजारातल्या एका बोळाच्या तोंडाशी छत्री लावून चपला दुरुस्त करत बसणाऱ्या मामांकडे गेले. त्यांनी चिरेवरून नख फिरवलं, पक्कडीनं टिप उपटली आणि तिची काडी माझ्या डोळ्यांसमोर धरली. “टीचर, हे बघा. पहिली पिन बारीक होती म्हणून पडली. मग जाड घालून ठोकली. भोक न बघताच ठोकूलालेत लोक, टाच फुटंल नाहीतर काय होईल?”

पुढे पावसाळाभर कधी माझं, कधी आईचं, कधी नणंदेचं काहीतरी पिशवीत घालून मी मामांच्या स्टुलावर जाऊन बसले. तिथं बसलं की तीन भाषा कानावर पडतात. कुणी मराठीत ‘टाच’ बसवून मागतं, कुणी कन्नडमध्ये ‘हिम्मडी’, कुणी हिंदीत ‘एडी’. मामा ज्याला त्याला त्याच्या भाषेत भाव सांगतात, काम मात्र एकच. त्या स्टुलावर जे कळलं ते आणि मी वर्गात शिकवते त्या रसायनशास्त्रातलं थोडं, असं मिळून हे लिहिते आहे.

धाव, पत्री आणि टिप

टिप झिजली की आपण म्हणतो, माल हलका निघाला. खरं तर टिप झिजायलाच असते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, बैलाच्या खुराला पत्री मारतात, नांगराला फाळ लावतात. झिजेल ती धाव, चाक नाही. धाव गेली म्हणून कुणी गाडी मोडीत काढत नाही, आणि धाव संपून लाकूड रस्त्याला लागेपर्यंत कुणी थांबतही नाही. चपला-सँडलच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो. टिप पूर्ण जाते, मग टाचेचं प्लॅस्टिक झिजतं, त्यावरचं पातळ कातडं किंवा रेक्झिन सोलवटून वर गुंडाळतं, आणि मग आपण दुरुस्तीला जातो. तोवर चहा-भज्यांच्या खर्चात होणारं काम टाच बदलण्यावर गेलेलं असतं.

कधी बदलायची? टिपेची एक कड झिजून तिची जाडी तिसऱ्या हिश्श्यावर आली की. दिवाळीच्या फराळात करंजीची कड जेवढी जाड असते तेवढी उरली की चला, असं मी नणंदेला सांगते. आवाज बदलला असेल तर उशीर झालाय, कारण तो आवाज पिनेचा किंवा खिळ्याचा असतो. आणि बदलायची ती जोडीनंच. एका पायाची नवी, दुसऱ्याची जुनी, असं केलं तर दोन्ही पायांची उंची दोन-तीन मिलिमीटरनं वेगळी होते आणि दिवसाअखेर कंबर ते बरोबर सांगते.

बत्तीस हवा आणि पेन्सिल हील

एवढासा तुकडा इतक्या लवकर का झिजतो, याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. समजा बाईचं वजन ५५ किलो. चालताना एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पायाच्या टाचेवर असतो. पेन्सिल हीलची टिप असते साधारण एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. त्या नखावर ५५ किलो. आपण कारच्या टायरात बत्तीस हवा भरतो, म्हणजे चौरस इंचाला बत्तीस पौंड. तो दाब चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास येतो. म्हणजे पेन्सिल हीलखालच्या जमिनीवर कारच्या टायरच्या जवळजवळ चोवीसपट दाब पडतो. लाकडी जमिनीवर हीलचे खड्डे पडतात ते यामुळे. उलट पाच बाय पाच सेंटिमीटरची ठोकळा हील घेतली तर तेच ५५ किलो पंचवीस चौरस सेंटिमीटरवर पसरतात, दाब येतो चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. हुबेहूब टायरइतका. म्हणून ठोकळ्याला मऊ रबर चालतं आणि पेन्सिलीला चालत नाही. हा हिशेब डोक्यात बसला की साहित्याची निम्मी निवड आपोआप होते.

त्यात टाच जमिनीवर सपाट टेकत नाही. बहुतेक माणसांची टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आधी आदळते आणि मग पाय आत लोळतो. म्हणून उजव्या जोड्याचा मागचा उजवा कोपरा आणि डाव्याचा मागचा डावा कोपरा आधी जातो. ही झीज नेहमीची, घाबरण्यासारखी नाही. आतली कड झिजत असेल तर पाय आत कलतोय, तळवा सपाट असण्याची शक्यता आहे. एकाच पायाची टाच भराभर जात असेल, किंवा घरात कुणाला मधुमेह आहे आणि त्यांच्या चपलेची झीज अचानक बदलली असेल, तर मोच्याच्या आधी डॉक्टरला पाय दाखवावा. मामा तर चप्पल बघूनच सांगतात, “ह्यांचा गुडघा दुखतोय बघा.” दर वेळी बरोबर येतं असं नाही, पण सांगतात मात्र ठामपणे.

कोपरा गेल्यानं काय बिघडतं? सहा सेंटिमीटर रुंद टाचेचा एक कोपरा तीन मिलिमीटरनं झिजला तर टाच जवळजवळ तीन अंशांनी कलते. तीन अंश ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला हजारो पावलं त्या कलावर पडतात. मग जोड्याचा मागचा कडक भाग एका बाजूला झुकतो आणि कातडं तसंच सेट होतं. त्यानंतर नवी टिप लावली तरी जोडा वाकडाच बसतो.

आपल्या भागात रस्तेही झिजेला मदतच करतात. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर-जांबोटीकडे तांबडी माती आणि जांभ्याची बारीक खडी. ती टिपेखाली आली की पॉलिश पेपरचं काम करते. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत खडी कमी, पण चिखल टाचेला धरतो, टिपेच्या फटीत शिरतो आणि तिथं ओल धरून ठेवतो. आणि शहरात सगळीकडे आलेले ते पेव्हर ब्लॉक! दोन ब्लॉकांमधली फट पेन्सिल हीलच्या मापानंच ठेवल्यासारखी असते. टाच त्यात अडकते, आपण पाय उचलतो, टिप तिथंच राहते. माझीही बहुतेक तशीच गेली.

काय लावायचं

आधी मऊ-कठीणपणाचं माप. रबर आणि प्लॅस्टिकचा कठीणपणा ‘शोअर ए’ नावाच्या शून्य ते शंभरच्या पट्टीवर मोजतात. स्प्रिंग लावलेली एक बोथट सुई वस्तूवर दाबायची आणि ती किती रुतते ते बघायचं. न रुतली तर शंभर. गाडीच्या टायरचा वरचा भाग साठ-सत्तरच्या घरात असतो. जोड्यांच्या टाचेचं रबर त्याहून थोडं कडक, पेन्सिल हीलची चांगली टिप नव्वदीच्या पुढची. कडक गोष्ट कमी झिजते, पण घसरते आणि आवाज करते. मऊ गोष्ट पकडते, धक्का खाते, पण लवकर संपते. कुठलाही माल या ओढाताणीतून सुटत नाही. ‘झिजत पण नाही आणि घसरत पण नाही’ असं कुणी म्हणालं तर समजा विकणारा आहे.

रबर हा यातला जुना आणि अजूनही भरवशाचा गडी. कच्चं रबर उन्हात चिकटतं, थंडीत तडकतं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता देऊन ते टिकाऊ करण्याची रीत सापडली, तीच व्हल्कनायझेशन. पण रबर टाचेखाली यायला आणखी साठ वर्षं गेली. हंफ्री ओ’सलिव्हन नावाचा एक आयरिश-अमेरिकन छापखान्यात दिवसभर कडक जमिनीवर उभा राहून काम करायचा. पाय दुखतात म्हणून त्यानं रबराची चटई आणली. सोबतचे लोक ती पळवायला लागले, तेव्हा त्यानं चटईचे टाचेएवढे तुकडे कापून सरळ बुटांना ठोकले. १८९९ मध्ये त्यानं रबरी टाचेचं पेटंट घेतलं. सहकाऱ्यांनी चटई पळवली नसती तर आपले पाय अजून काही वर्षं दुखले असते.

ठोकळा हील, पुरुषांचे ऑफिसचे बूट, शाळेचे बूट यांना पाच ते आठ मिलिमीटर जाडीची रबरशीट उत्तम. जुन्या टायरचे तुकडेही लावतात. टायर मजबूत खरा, पण त्यात कापडाचे किंवा तारेचे थर असू शकतात. तार निघाली तर ती फरशी ओरखडते. शिवाय टायरचं रबर काळं होतं ते काजळीमुळे, त्यामुळे घरातल्या पांढऱ्या टाइल्सवर रेघा उठतात. शेतावरच्या चपलेला टायर, कार्यालयातल्या लग्नाला साधी शीट, असा मी मध्य काढलाय.

पेन्सिल हीलसाठी पॉलीयुरेथेनची टिप. बाजारात हिला नुसतं ‘पीयू’ म्हणतात. कडक, तरी थोडी लवचीक. तिच्यासारखीच दिसणारी पीव्हीसीची टिप स्वस्त मिळते, पण ती ओल्या फरशीवर घसरते आणि भराभर जाते. ओळखायचं कसं? नखानं जोरात दाबा. रबर दबून लगेच वर येतं. पीयूवर नखाची जेमतेम खूण उठते आणि ती पुसट होत जाते. मग दोन टिपा फरशीवर हातभर उंचीवरून टाका. पीयू उसळते, आवाज दबका. कडक प्लॅस्टिक खडखडतं. मामांनी हा खेळ माझ्यासमोर तीनदा केला, तीनही वेळा मी डोळे मिटून ओळखलं. नायलॉनच्या टिपाही असतात, फार टिकतात, पण गुळगुळीत फरशीवर त्या घालून चालायची हिंमत माझ्यात नाही.

पीयूची एक खोड मात्र माझ्या विषयातली आहे. काही पॉलीयुरेथेनच्या साखळीत असे जोड असतात की हवेतली वाफ ते हळूहळू तोडते. त्याला जलापघटन म्हणतात. वर्षानुवर्षं ट्रंकेत, पिशवीत गुंडाळून ठेवलेली लग्नातली सँडल बाहेर काढली आणि टिप किंवा अख्खा सोल खारी बिस्किटासारखा भुगा होऊन हातात आला, असं घरोघरी झालेलं असतं. आपण म्हणतो, एकदासुद्धा घातली नव्हती! न घातल्यामुळेच नाही, पण बंद दमट जागेत ठेवल्यामुळे नक्की. बेळगावच्या पावसाळ्यात चपलांना कपाटात कोंडण्यापेक्षा मोकळ्या हवेत ठेवलेलं बरं.

लोखंडी नाल हा वेगळाच प्रकार. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे परेडच्या बुटांचा तो खाडखाड आवाज बेळगावकरांच्या कानाला ओळखीचा आहे. परेड ग्राउंडवर तो शोभतो. सिमेंटच्या गुळगुळीत जिन्यावर नाल मारलेले बूट घालून उतरू नये, एवढंच.

पिनेचं राजकारण

आता माझ्या सँडलकडे येते. पेन्सिल हीलची टाच आतून कडक प्लॅस्टिकची असते आणि बारीक असेल तर तिच्या पोटातून एक पोलादी नळी खाली आलेली असते. त्या नळीशिवाय इतकी बारीक टाच माणसाचं वजन पेलूच शकत नाही. टिपेच्या पाठीवरची पिन त्या नळीत घट्ट जाऊन बसते. गोंद नाही, स्क्रू नाही, नुसती घट्ट बसणी. पिना साधारण तीन मिलिमीटरच्या आगेमागे असतात, आणि दोन पिनांमधला फरक मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याचा. डोळ्यांना तो दिसत नाही. हाताला कळतो.

मामांचं काम बघण्यासारखं होतं. सँडल त्यांनी लोखंडी पायावर, म्हणजे मोच्याच्या पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, उलटी चढवली. जुनी पिन पक्कडीच्या टोकात धरली आणि सरळ ओढली नाही. पक्कड टाचेच्या कडेवर टेकवून, मध्ये कातड्याचा तुकडा ठेवून, तरफेसारखी थोडी थोडी उचलली. सरळ ओढली की हात निसटतो, पिळली की पिन आत तुटते. तुटलेली पिन काढणं हे तासाभराचं दुखणं. मग टाचेचा तळ त्यांनी कानशीनं सपाट केला, दोन्ही सँडल शेजारी उभ्या करून आडवी पट्टी ठेवली, उंची सारखी आहे ना बघितली. ही पट्टी ठेवायची पायरी आधीच्या दुकानात झालीच नव्हती.

मग टिप निवडणं. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात पाच-सहा मापांच्या टिपा होत्या. टिप टाचेच्या तळापेक्षा केसभर मोठीच घेतात, लहान कधीच नाही. मोठी असेल तर छाटता येते, लहान असली तर टाचेची कड उघडी पडून झिजते. पिन बोटानं नळीत घातली. अर्ध्यापर्यंत बोटाच्या जोरानं जावी आणि पुढे हातोडी लागावी, हे बरोबर माप. पूर्ण सैल गेली तर पडणार. अजिबात जात नसेल तर ठोकायचं नाही, कारण नळी फाकते आणि प्लॅस्टिक चिरतं. पिन थोडी सैल असली तर मामा तिला ऐरणीवर ठेवून दोन बाजूंनी हलकीशी चेपतात, म्हणजे ती किंचित लंबगोल होते आणि नळीत पकड घेते. पिनेला कागद गुंडाळायचा तात्पुरता उपायही चालतो, फक्त पावसाळ्यात तो कागद भिजून लगदा होतो.

शेवटी तीन-चार हलके ठोके, एक मोठा नाही. टिप आणि टाच यांच्यात नख जाणार नाही इतकी ती बसली पाहिजे. मग वाढलेली कड रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या सुरीनं, छाटून पॉलिश पेपरनं गोल. मशीनच्या चाकावर पीयू जास्त वेळ धरली तर ती वितळून लांबते आणि कड लोणकढ्या तुपासारखी ओघळते, म्हणून मामा हातानंच घासतात. टाचेच्या रंगीत कातड्याला आधी चिकटपट्टी लावून घेतात. माझी चीर त्यांनी आतून भरून वरून रंगवली, पण बजावलं, “ही टाच लग्नाला चालंल. रोज बसला पळायला नको.”

सोल्युशन वाळू द्या

ठोकळा हीलला पिन नसते. तिथं रबरशीट चिकटवतात आणि वरून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारतात. आणि इथंच बहुतेक दुरुस्त्या फसतात, कारण चिकटवणाऱ्याला घाई असते आणि गिऱ्हाइकाला त्याहून जास्त.

चपलांसाठी वापरतात ते सोल्युशन म्हणजे निओप्रीन नावाचं कृत्रिम रबर द्रावकात विरघळवलेलं. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन ते नव्हे, त्यात साधं रबर असतं आणि टाचेखालच्या मारापुढे त्याचा निभाव लागत नाही. निओप्रीनचं वैशिष्ट्य असं की ते दोन्ही बाजूंना लावायचं, पातळ, आणि मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांत द्रावक उडून जातो. बोट लावलं तर चिकट लागतं, पण बोटाला येत नाही, तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांवर ठेवायच्या. ओलं असतानाच चिकटवलं तर द्रावक मध्ये कोंडला जातो आणि जोड आतून मऊ राहतो. आणि एकदा ठेवलं की सरकवता येत नाही, म्हणून पहिल्यांदाच नीट धरून ठेवायचं. त्यानंतर महत्त्वाचा असतो जोर, वेळ नव्हे. दोन तास हलकं वजन ठेवण्यापेक्षा अर्धा मिनिट हातोडीनं सगळीकडून ठोकलेलं जास्त धरतं. पूर्ण ताकद यायला मात्र एक दिवस द्यावा.

त्याआधीची पायरी घासणं. जुनं सोल्युशन, पॉलिश, मेण, धूळ सगळं काढून दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करायचे. गुळगुळीत रबरावर सोल्युशन लावणं म्हणजे तेलकट तव्यावर लेबल चिकटवणं.

पावसाळ्याची एक गंमत आहे. द्रावक उडतो तेव्हा पृष्ठभाग गार होतो, माठ गार होतो तसाच. हवा दमट असेल तर त्या गार थरावर वाफेचं अदृश्य दव बसतं आणि चिकटपणा मरतो. जुलैत चिकटवलेली टाच ऑगस्टात सुटते ती यामुळे. मामा पावसात शीट शेगडीच्या उबेजवळ धरतात, ते बघून माझा जीव वर-खाली होतो, कारण हे द्रावक भडकन पेटतात. घरी करायचं असेल तर द्रावक पूर्ण उडून गेल्यावर केस वाळवायच्या मशीननं दोन्ही बाजूंना ऊब द्या आणि लगेच दाबा. खिडकी उघडी ठेवा. त्या वासात टोल्युईनसारखी द्रव्यं असतात. बंद खोलीत डोकं दुखतं, आणि रोज तेच हुंगणाऱ्या कारागिराच्या नसांवर त्याचा परिणाम होतो.

काही सोल या सोल्युशनला दादच देत नाहीत. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घातलेलं असतं. ते हळूहळू वर येतं आणि निओप्रीनचा जोड सैल करतं. तिथं पॉलीयुरेथेनचं सोल्युशन लागतं. टीपीआर (थर्मोप्लॅस्टिक रबर) म्हणून विकल्या जाणाऱ्या सोलला आधी प्रायमर, म्हणजे सोल्युशन धरावं म्हणून द्यायचा पातळ हात, लावावा लागतो. छोट्या टपरीवर हे दोन्ही नसेल तर शिवून घेणं चांगलं. फेविक्विकसारखे झटपट गोंद टाचेला वापरू नयेत. ते काचेसारखे कडक वाळतात आणि टाचेच्या धक्क्यानं तडकतात. शिवाय नंतर येणाऱ्या कारागिराला ते खरवडून काढावे लागतात आणि तो मनातल्या मनात तुमचा उद्धार करतो.

चुकांबद्दल थोडंसं. त्या कडेपासून अर्धा-एक सेंटिमीटर आत माराव्यात, आणि डोकी रबरात दोन मिलिमीटर खोल जावीत, म्हणजे रबर झिजलं तरी डोकं जमिनीला लागत नाही. चूक फार लांब नसावी. माझ्या मावशीच्या चपलेतून एकदा टोक वर आलं होतं. जोडा घेताना आत हात घालून बघायची सवय मला त्या दिवशी लागली. शीटही मूळच्या जाडीचीच घ्यावी. सहाच्या जागी दहा मिलिमीटर घातली तर जोड्याचा तोल पुढे जातो, बोटं जोड्याच्या पुढच्या टोकाशी कोंबली जातात.

कोल्हापुरीची टाच

नाव कोल्हापुरी असलं तरी ती आमच्याकडचीही आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून: तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी आणि जवळचं मदभावी ही यातली जुनी ठिकाणं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं जाड कातडं, थरावर थर ठेवून केलेली टाच, आणि कातडी वादीनं शिवण. अस्सल चपलेत खिळा नसतो.

या टाचेखाली रबर लावावं का? कोरड्या दिवसांत नुसतं कातडं चांगलं, ते पायाला घडत जातं. पण रोज रस्त्यावर चालणार असाल तर तीन-चार मिलिमीटरची पातळ शीट लावून घ्यावी, नवी असतानाच. कातडं भिजून फुगल्यावर त्यावर काहीच धरत नाही. अशा चपलेला तेल दिलेलं असतं, म्हणून वरचा गुळगुळीत थर खरवडून आतला तंतूचा भाग उघडा केल्याशिवाय सोल्युशन पकडत नाही. आणि चुका मारताना वादीवर मारल्या तर शिवण तुटून थर सुटतात. अथणीकडचे कारागीर आधी वादीची रेघ बोटानं चाचपतात, मग दोन टाक्यांच्या मधली जागा धरतात. माझ्या वडिलांच्या चपलेवर हे काम होताना मी मोजलं: सात चुका, एकही वादीला लागली नाही.

दुरुस्ती करू नये अशी वेळही असते. टाच हातानं धरून हलवली आणि ती मुळापासून डुलली, तर आतला खिळा किंवा जोड्याच्या कमानीतली पोलादी पट्टी गेलेली आहे. टिप बदलून काही होणार नाही. अख्खा सोलच भुगा व्हायला लागला असेल तरीही नाही.

एक राहिलंच. नव्या हीलच्या डब्यात बरेचदा बोटाएवढी पारदर्शक पुडी असते, तिच्यात दोन काळे तुकडे. त्या कंपनीनं दिलेल्या जादा टिपा असतात, बरोबर त्याच टाचेच्या, बरोबर त्याच पिनेच्या. मामांनी विचारलं तेव्हा मला आठवलं, माझ्या डब्यातही ती पुडी होती. ओल शोषणाऱ्या दाण्यांची समजून मी ती कागदासकट कचऱ्यात टाकली होती. मामा काही बोलले नाहीत, नुसते हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल लोखंडी पायावर चढवली.